डोक्यातली तार : कंपवातावरच्या एका उपचाराची गोष्ट

हातातलं काम चालू ठेवा, निवडणं-टिपणं असेल तर तेही चालू द्या, पण कान इकडे असू द्या.

आमच्या गटातल्या एकीच्या मावशी निवृत्त शिक्षिका. फळ्यावरचं त्यांचं अक्षर गावात प्रसिद्ध होतं. एकदा त्या पेन्शन काढायला बँकेत गेल्या, तर सही जुळेना. खिडकीतल्या मुलाने तीनदा सही करायला लावली आणि तिन्ही वेळा ती आधीच्यापेक्षा बारीक झाली. घरी सगळे म्हणाले, वय झालं, चष्मा बदला. मग भाकरी थापताना उजवा हात मागे राहायला लागला. चालताना तो हात हलेनासा झाला. अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकींवर फिरायला लागली, जपमाळ ओढावी तशी. मेंदूच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला दोन वर्षं गेली. त्यांनी नाव सांगितलं, पार्किन्सन्स. आपण त्याला कंपवात म्हणतो.

गोळ्यांनी मावशींना चांगला गुण आला. सहा-सात वर्षं बरी गेली. आता गोळ्यांचा जोर टिकत नाही, म्हणून डॉक्टरांनी एका ऑपरेशनचं नाव काढलं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस. मेंदूत बारीक तारा बसवायच्या आणि छातीत एक छोटी बॅटरी. मावशींनी आम्हालाच विचारलं, "डोक्यात तार घालतात म्हणे, खरं का ग? आणि माझ्यावर या वयात एवढा खर्च कशाला?"

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला दोनशे वर्षांची गोष्ट सापडली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच कुठेतरी आहे, असं आम्हाला वाटतं. म्हणून ती आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट लंडनला सुरू होते. तिथे जेम्स पार्किन्सन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८१७ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात सहा रोग्यांचं वर्णन होतं. हाताचा कंप, पुढे झुकलेलं अंग, चालता चालता अचानक पळत सुटल्यासारखी होणारी पावलं. त्यांतले काही जण तर डॉक्टरांनी नुसते रस्त्यात पाहिलेले होते. निरीक्षण इतकं अचूक, की आजही वैद्यकाचे विद्यार्थी ते वाचतात. पण आम्ही ती यादी पाहिली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. सहाही पुरुष. बायकांना हा रोग होत नव्हता असं नाही. पण रस्त्यावर, बागेत, कामाच्या जागी डॉक्टरांच्या नजरेस पडायचे ते पुरुष.

बायका दिसल्या पॅरिसमध्ये. तिथे साल्पेत्रिएर नावाचं प्रचंड मोठं रुग्णालय होतं. गरीब, म्हाताऱ्या, कुणी न सांभाळलेल्या हजारो स्त्रिया तिथे राहत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाँ-मार्तां शार्को हे डॉक्टर तिथे काम करू लागले. त्या स्त्रियांना वर्षानुवर्षं पाहून त्यांनी कंपवात इतर कंपांपासून वेगळा काढला. रोगी दुबळा नसतो, त्याची हालचाल मंद आणि ताठर झालेली असते, हे त्यांनी नीट मांडलं. तोवर या रोगाला 'कापरा पक्षाघात' अशा अर्थाचं नाव होतं. शार्कोंनी त्याला पार्किन्सनचं नाव दिलं. पुस्तकातल्या पुरुषांमुळे रोग ओळखला गेला आणि साल्पेत्रिएरमधल्या स्त्रियांमुळे तो समजला. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

शार्कोंना रोग्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की बरं वाटतं. म्हणून त्यांनी एक हलणारी, थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली. ती खुर्ची काही उपचार म्हणून टिकली नाही. पण रोगी काय म्हणतो ते ऐकायचं आणि त्यावरून वाट शोधायची, ही पद्धत पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

आता जरा आपल्याकडे येऊ. आयुर्वेदात कंपवाताचं नाव फार जुनं आहे आणि त्यावर खाजकुयलीच्या बिया दिल्या जात. तीच खाजकुयली, जिच्या शेंगेची कुसं अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोघा संशोधकांनी या बियांमधून एक द्रव्य वेगळं काढलं. त्याला आपण आज लेव्होडोपा म्हणतो. त्याचं कंपवाताशी काय नातं आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते कळायला दुसरी एक वनस्पती कामी आली. सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण होतो हे ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातून रिसर्पिन नावाचं औषध निघालं. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, तर ससे हलेनात. कान पडलेले, अंग ठप्प. मग त्यांनी लेव्होडोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं, रिसर्पिनने ते संपतं आणि लेव्होडोपापासून ते पुन्हा तयार होतं, हे त्यातून दिसलं. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

१९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी मरण पावलेल्या कंपवाताच्या रोग्यांचे मेंदू तपासले. हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन फार कमी झालं होतं. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक छोटा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि याच पेशी या रोगात मरत जातात. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लेव्होडोपाची इंजेक्शनं देऊन पाहिली गेली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी लेव्होडोपा पोटातून, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत दिलं. बिछान्याला खिळलेली माणसं उठून चालू लागली. आजही कंपवाताची मुख्य गोळी तीच आहे. इथे थांबून एक सांगतो. हे ऐकून कुणी खाजकुयलीचं चूर्ण स्वतःच्या मनाने सुरू करू नका. गोळीतही तेच द्रव्य आहे, मात्रा दुप्पट होईल.

मग ऑपरेशनची गरज का पडली? कारण गोळी रोग थांबवत नाही, फक्त उणं पडलेलं भरून काढते. सुरुवातीला एक गोळी तासन् तास पुरते. वर्षं जातात तशा पेशी आणखी कमी होतात आणि गोळीचा पल्ला आखूड होतो. गोळी लागू असली की माणूस चालतो, उतरली की जागच्या जागी खिळतो. डॉक्टर त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. मात्रा वाढवली तर 'ऑन'च्या वेळी हातपाय, मान, धड आपोआप वळवळायला लागतं. लग्नाच्या पंगतीत सगळे आपल्याकडे बघतात, असं मावशी सांगतात ते याच वळवळीबद्दल. वजन आणि मात्रा यांचा मेळ असो किंवा आणखी काही, बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

मेंदूवरचं ऑपरेशन मात्र गोळीच्याही आधीचं. १९४७ साली अमेरिकेत स्पीगेल आणि विसिस यांनी डोक्याला बसवायची एक चौकट केली. तिच्या मापांनी मेंदूतल्या खोल जागेपर्यंत नेमकं पोचता येऊ लागलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग कूपर एका कंपवाताच्या रोग्याचं ऑपरेशन करत असताना चुकून एक रक्तवाहिनी फाटली. ती बांधून टाकून त्यांनी ऑपरेशन अर्धवट सोडलं. रोगी शुद्धीवर आला तेव्हा त्याचा कंप गेला होता. या अपघातातून कळलं, की मेंदूच्या आतला ठरावीक भाग बंद पडला तर कंप थांबतो. मग पुढची काही वर्षं डॉक्टर चौकटीच्या आधाराने तो भाग मुद्दाम जाळू लागले. गुण यायचा, पण जाळलेलं परत येत नाही. एका बाजूला केलं तर ठीक, दोन्ही बाजूंना केलं तर पुष्कळांची वाचा बिघडायची, तोल जायचा. लेव्होडोपा आल्यावर ही ऑपरेशनं जवळजवळ बंदच झाली.

जाळण्याऐवजी तिथे तार ठेवून वीज द्यावी, हा विचारही जुनाच. १९६०च्या दशकात लेनिनग्राडमध्ये नताल्या बेख्तेरेवा या शास्त्रज्ञ बाईंनी मेंदूत खोल तारा ठेवून कंपाच्या रोग्यांवर उपचार करून पाहिले होते. पण तेव्हा शरीराच्या आत कायमची बसेल अशी बॅटरी नव्हती आणि त्यांचं काम पश्चिमेकडे फारसं पोचलं नाही.

मग आलं १९८७ साल आणि फ्रान्समधलं ग्रनोब्ल हे डोंगरातलं गाव. तिथे आलिम-लुई बेनाबिद हे सर्जन आणि पिएर पोलाक हे मेंदूविकारतज्ज्ञ एकत्र काम करत. मेंदूचा भाग जाळण्याआधी आपण योग्य जागी आहोत ना, हे पाहायला सर्जन सुईच्या टोकाने थोडी वीज देत असत. रोगी जागा असे. वीज दिल्यावर हात मुंग्यांनी भरला किंवा बोट उडालं, तर जागा कळे. बेनाबिद यांनी त्या दिवशी विजेचे ठोके कमी-जास्त वेगाने देऊन पाहिले. सेकंदाला सुमारे शंभर ठोके झाल्यावर रोग्याचा कंप थांबला. वीज बंद केली, कंप परत आला. सुरू केली, पुन्हा थांबला.

यातली खरी मोलाची गोष्ट 'परत आला' ही. म्हणजे काही जळलं नव्हतं. नको वाटलं तर बंद करता येईल, कमी पडलं तर वाढवता येईल, आणि दोन्ही बाजूंनाही करता येईल असा उपाय हाती आला. हृदयाचा पेसमेकर तोवर रुळलेला होता. तशीच बॅटरी छातीत आणि तार मेंदूत, अशी जोडणी झाली.

पण यातून कंप जाई, ताठरपणा आणि मंदपणा तसाच राही. त्यासाठी तार कुठे ठेवायची, हे कळायला एक भयंकर प्रसंग घडला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं अचानक पुतळ्यासारखी ताठ होऊन रुग्णालयात आली. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला. चोरून बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी नावाचं विष मिसळलं गेलं होतं आणि त्याने मेंदूतल्या त्याच काळसर पट्ट्यातल्या पेशी मारल्या होत्या. माकडांमध्ये कंपवात निर्माण करून अभ्यास करणं त्यामुळे शक्य झालं. १९९० मध्ये अमेरिकेत मॅलॉन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा माकडांच्या मेंदूतला सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मसुराच्या आकाराचा, वाटाण्याएवढा भाग शांत केला तर हालचाल परत येते. डोपामिन नसलं की हा भाग अति कामाला लागतो आणि हालचालींना ब्रेक लावून धरतो.

ग्रनोब्लच्या गटाने १९९३ मध्ये रोग्याच्या याच भागात तार ठेवली. ताठरपणा, मंदपणा, कंप, तिन्ही कमी झाले. गोळ्या कमी करता आल्या, म्हणून वळवळही कमी झाली. या कामाचे जे महत्त्वाचे अहवाल १९९५ आणि १९९८ मध्ये आले, त्यांवर पहिलं नाव पॅट्रिशिया लिमुझाँ या डॉक्टर बाईंचं आहे. अमेरिकेत २००२ साली कंपवातासाठी या उपचाराला पूर्ण मान्यता मिळाली. २०१४ मध्ये बेनाबिद आणि डीलाँग यांना मिळून लास्कर पुरस्कार देण्यात आला. भारतात हे ऑपरेशन १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. त्यात मुंबई आघाडीवर होती. आता पुणे आणि इतर मोठ्या शहरांतही होतं.

मावशींनी विचारलेला पहिला प्रश्न म्हणून खराच आहे. डोक्यात तार घालतात. आधी डोक्याला चौकट बसवून एमआरआय आणि सीटी स्कॅनवरून जागा ठरवतात. कवटीला रुपयाच्या नाण्याएवढं किंवा त्याहून लहान भोक पाडतात. कातडीपुरती भूल देतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे रोगी बहुधा जागा असतो. डॉक्टर सांगतात, मूठ उघडा, मिटा, महिन्यांची नावं म्हणा. हाताचा ताठरपणा सुटतोय का, बोलणं अडखळतंय का, हे तिथल्या तिथे पाहतात. काही ठिकाणी आता पूर्ण भूल देऊनही करतात. नंतर पूर्ण भूल देऊन कानामागून, मानेच्या कातडीखालून वायर खाली आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरी बसवतात. बाहेरून काही लोंबत नाही. ब्लाउजच्या आत थोडा उंचवटा दिसतो. केसांचं सगळ्याजणी विचारतात. पुष्कळ ठिकाणी सगळे केस काढत नाहीत, तेवढीच पट्टी काढतात. आधी विचारून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बॅटरी सुरू केल्यावर लगेच सगळं जमत नाही. विजेची मात्रा बसवायला काही महिने पुन्हा पुन्हा जावं लागतं. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, चार्ज करायची बॅटरी पुष्कळ जास्त वर्षं टिकते. खर्च लाखांत जातो आणि बॅटरी बदलायचा खर्च त्यात धरलेला नसतो. धोकेही आहेत. थोड्या रोग्यांना मेंदूत रक्तस्राव होतो, काहींना जखमेत जंतुसंसर्ग होतो. काहींचं मन उदास किंवा उतावीळ होतं, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं. आणि एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा. तार बसवलेल्या माणसाला फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक कधीही देऊ नये. तारेची टोकं तापून मेंदूला इजा होते. एमआरआय करायच्या आधीही सांगायलाच हवं.

हा उपाय रोग मुळापासून काढत नाही. ढोबळ नियम असा, की गोळी लागू असताना जे सुधारतं तेच तारेने सुधारतं. कंप मात्र गोळीला न जुमानणारा असला तरी ऐकतो. गोळी घेऊनही जो तोल सावरत नाही, जी वाचा उमटत नाही, जी आठवण राहत नाही, ती तारेनेही परत येत नाही. म्हणून विसरभोळेपणा फार वाढलेला असेल तर डॉक्टर नकार देतात. म्हणजेच या ऑपरेशनला एक वेळ असते. फार आधी गरज नसते, फार उशिरा उपयोग नसतो.

इथे मावशींचा दुसरा प्रश्न येतो. माझ्यावर एवढा खर्च कशाला?

कंपवात पुरुषांना साधारण दीडपट जास्त होतो, हे खरं. पण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या नोंदी पाहिल्या तर या ऑपरेशनमध्ये बायकांचा वाटा रोगातल्या त्यांच्या वाट्यापेक्षाही कमी दिसतो. वळवळीचा त्रास बायकांना जास्त आणि त्या त्रासावरचा उपाय त्यांच्यापर्यंत कमी पोचतो. कारणं अनेक सांगतात. बायका ऑपरेशनला जास्त घाबरतात, डॉक्टर त्यांना उशिरा पुढे पाठवतात, नवऱ्यामागे धावायला बायको असते पण बायकोमागे धावायला कुणी नसतं. आपल्या घरांत हे निराळं असेल असं आम्हाला वाटत नाही. ज्या बाईने सासऱ्यांचा कंपवात दहा वर्षं काढला, औषधांची वेळ घड्याळ लावून पाळली, तीच स्वतःच्या वेळी म्हणते, चाललंय ते ठीक आहे. असं म्हणता म्हणता ती वेळ निघून जाते.

जेम्स पार्किन्सनच्या यादीत बाई नव्हती, कारण ती त्यांना दिसली नाही. आजच्या यादीत ती नसते, कारण ती स्वतःचं नावच पुढे करत नाही. साल्पेत्रिएरमधल्या त्या अनाम बायकांकडून हा रोग जगाला शिकता आला. त्याच्या उपचाराच्या रांगेत उभं राहताना आपण संकोच का करावा?

सगळ्यांनी ऑपरेशन करावं, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. अनेकींना गोळ्यांवरच बरं चालतं. अनेकींना ते परवडणारं नाही, आणि तो दोष त्यांचा नाही. आम्ही म्हणतो ते एवढंच, की तपासून घ्या. डॉक्टरांना विचारा, मी या ऑपरेशनच्या वेळेत आहे का? माझ्या कोणत्या तक्रारी कमी होतील, कोणत्या राहतील? बॅटरी कोणती आणि पुढे तिचा खर्च किती? मात्रा बसवायला किती वेळा यावं लागेल? आणि दिवसातले 'ऑन'चे आणि 'ऑफ'चे तास आठवडाभर वहीत लिहून घेऊन जा. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गटही आहेत. ज्यांनी हे केलंय आणि ज्यांनी विचार करून नाही म्हटलंय, अशा दोघींशीही बोला.

मावशींनी वही घातली आहे. अक्षर बारीक आहे, शेवटच्या ओळीपर्यंत आणखी बारीक होत जातं, पण वाचता येतं. पुढच्या महिन्यात त्या भाचीला घेऊन तपासणीला जाणार आहेत. हो म्हणायचं की नाही, ते त्या तिथून आल्यावर ठरवतील. त्या स्वतः.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात कुणाची सही बारीक होत असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर वयावर ढकलू नका. आम्हाला कळवा, पत्र पाठवा. पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू. नमस्कार.